उतारवयातील स्त्रियांची हाडे : धोक्याच्या खुणा कशा ओळखाव्यात?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त महिला शाखेने योजलेल्या व्याख्यानाचा लेखी आधार)



आपल्या मंडळाने यंदा पन्नाशी गाठली. संस्थेची पन्नाशी हा तिच्या भरभराटीचा काळ. म्हणून आपण तोरणे बांधतो, स्मरणिका काढतो, जुन्या कार्यकर्त्यांचा सत्कार करतो. स्त्रीच्या आयुष्यातली पन्नाशी मात्र कोणी साजरी करीत नाही. ती गुपचूप येते, आणि तिच्यासोबत शरीरात जे स्थित्यंतर घडते त्याविषयी घरात मोकळेपणी बोलणेही आजवर अप्रशस्त मानले गेले आहे. हाडांची झीज ही त्या स्थित्यंतराची सर्वांत मूक बाजू होय. तिच्याविषयी चार शब्द सांगण्याची संधी महिला शाखेने दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

विषयाची निवड आम्ही सहज केलेली नाही. पन्नास वर्षांपूर्वी पतीच्या नोकरीपाठोपाठ ज्या नवपरिणीत मुली या हैदराबाद शहरात आल्या, ज्यांनी मंडळाचे पहिले हळदीकुंकू कोणाच्या तरी ओसरीवर सतरंजी अंथरून साजरे केले, त्या आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. मुले पुण्या-मुंबईस किंवा सातासमुद्रापलीकडे. कित्येक घरांत दोनच माणसे, काहींत एकच. अशा घरात एक हाड मोडले की घराची सारी घडीच मोडते. आणि ते हाड बहुधा अचानक मोडत नाही. त्याने वर्षानुवर्षे सूचना दिलेली असते. त्या सूचना घरच्या घरी कशा वाचाव्यात, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम एक कबुली देतो. आमच्या परिचयातील एक वहिनी अठ्ठावन्नाव्या वर्षी उंबऱ्याला अडखळल्या. पडताना हात टेकला आणि मनगट मोडले. प्लास्टर झाले, सहा आठवड्यांनी निघाले, आणि त्या पुन्हा पोळ्या लाटू लागल्या. त्या काळात त्यांच्या घरी आमचे जाणेयेणे होते. चहा घेतला, ‘आता जपून चालत जा,’ असे सांगितले आणि उठलो. त्यांची पाळी कितव्या वर्षी गेली, दम्यासाठी त्या कोणत्या गोळ्या घेतात, त्यांच्या आईचे शेवटचे दिवस कसे गेले, यांतले काहीही आम्ही विचारले नाही. नऊ वर्षांनी त्या न्हाणीघराच्या दारात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हा चौकशी झाली. पाळी एक्केचाळिसाव्या वर्षी गेलेली. दम्यासाठी स्टेरॉईडच्या गोळ्या अनेक वर्षे. आईही खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली. ही सर्व माहिती नऊ वर्षांपूर्वीही त्यांच्यापाशी होती. विचारणारा नव्हता. वैद्यकव्यवसायातील माणूस म्हणून ही चूक आमची. आणि आजचे भाषण ही तिची अल्पशी भरपाई होय.

आता हाडाकडे वळू. हाड म्हणजे दगडाचा निर्जीव खांब, अशी आपली समजूत असते. वस्तुतः हाड ही सतत पाडली व बांधली जाणारी इमारत आहे. काही पेशी जुने हाड खरवडून काढतात, काही त्या जागी नवे भरतात. तिशीच्या सुमारापर्यंत भरती अधिक, म्हणून हाडांची पुंजी वाढते. पुढे काही काळ जमाखर्च बरोबरीत चालतो. पाळी थांबली की ईस्ट्रोजन हे संप्रेरक आटते, आणि खरवडणाऱ्या पेशींवरचा अंकुश सुटतो. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांचे वस्तुमान वीस टक्क्यांपर्यंतही घटू शकते. वाळवी लागलेल्या तुळईला बाहेरून रंग जसाच्या तसा असतो, तसे हे हाड. दुखत नाही, सुजत नाही. साध्या एक्स-रेमध्येही झीज दिसू लागते ती सुमारे तीस टक्के हाड नाहीसे झाल्यावर. या अवस्थेस ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मराठीत अस्थिसुषिरता, म्हणजे हाड सच्छिद्र होणे. पाळी जाण्याशी या विकाराचा असलेला संबंध बोस्टनचे डॉ. फुलर ऑलब्राइट व त्यांचे सहकारी यांनी १९४१ साली स्पष्टपणे मांडला.

अशी हाडे मोडण्याचा एक ठरीव क्रम आढळतो. पन्नाशी-साठीत मनगट, त्यापुढे पाठीचे मणके, आणि सत्तरीनंतर खुबा. मनगटाच्या या मोडीचे वर्णन डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशी वर्षे आधी, केले. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपण तिला अपघात समजतो. उभ्या उंचीवरून पडून, म्हणजे चालता चालता पडून, पन्नाशीपुढील स्त्रीचे मनगट मोडले तर तो केवळ अपघात नसतो. ते हाडाचे पहिले पत्र असते. असे एक हाड मोडलेल्या स्त्रीचे दुसरे हाड मोडण्याचा धोका इतर स्त्रियांच्या मानाने सुमारे दुप्पट असतो.

मणक्यांची गोष्ट अधिक फसवी. मणका मोडत नाही, दबतो. बादली उचलताना, गादी उलटताना किंवा नुसते खोकतानाही तो दबू शकतो. पाठीत उसण भरली म्हणून मलम चोळले जाते, शेकले जाते, आणि चार-सहा आठवड्यांत दुखणे ओसरते. मणक्यांच्या अशा मोडींपैकी सुमारे दोन-तृतीयांश डॉक्टरपर्यंत पोहोचतच नाहीत. एकेक मणका दबत जातो, उंची घटते, पोक येते, आणि घरातली माणसे म्हणतात, ‘वय झाले, वाकायचेच.’ भगिनींनो, हे वाकणे वयाचा धर्म नव्हे. वयस्क असूनही ताठ चालणाऱ्या स्त्रिया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

खुब्याची मोड ही या मालिकेतील शेवटची आणि सर्वांत भयंकर. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांवरून खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतील एक जण वर्षाच्या आत दगावतो असे दिसते. आणि जे वाचतात त्यांच्यातील अनेक जण पूर्वीसारखे आपल्या पायांनी हिंडूफिरू शकत नाहीत. हा गोऱ्या स्त्रियांचा विकार आहे, आपल्याकडे जमिनीवर बसण्या-उठण्याची सवय असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत, असे पुष्कळांना वाटते. हरियाणातील रोहतक जिल्ह्यात २००९ साली खुब्याच्या मोडींची मोजदाद झाली. पन्नाशीपुढील दर लाख स्त्रियांमागे वर्षाला १५९ आणि पुरुषांमागे १०५ असे प्रमाण निघाले. पाश्चात्त्य आकड्यांहून ते कमी आहे. पण आपल्या देशातील पन्नाशीपुढील स्त्रियांच्या संख्येने त्यास गुणून पाहावे, म्हणजे निश्चिंत राहण्याचे धैर्य होणार नाही.

मग धोका कोणाला, हे ओळखायचे कसे? हाडांची घनता मोजणारे डेक्सा नावाचे यंत्र आता मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली त्यासाठी एक रेषा आखून दिली. निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरीशी तुलना करून टी-गुणांक काढतात. तो उणे अडीच किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस आहे असे म्हणावयाचे. रेषा सोयीची आहे, परंतु तिने एक गैरसमजही निर्माण केला. आकडा रेषेच्या वर आला की स्त्री निर्धास्त होते. प्रत्यक्षात पुष्कळ हाडे रेषेच्या वरच्या स्त्रियांचीच मोडतात; कारण मोड ही केवळ हाडाच्या घनतेवर ठरत नाही.

हे फार चांगल्या रीतीने दाखवून देणारी एक पाहणी अमेरिकेत झाली. बाल्टिमोर, मिनिआपोलिस, पोर्टलंड आणि पिट्सबर्गचा परिसर अशा चार ठिकाणच्या, पासष्टीपुढील, पूर्वी खुबा न मोडलेल्या ९,५१६ गोऱ्या स्त्रियांची १९८६ पासून नोंद घेण्यात आली, आणि डॉ. स्टीव्हन कमिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी चार वर्षांत १९२ स्त्रियांचा खुबा मोडला. या स्त्रिया इतरांहून कोणत्या बाबतीत वेगळ्या होत्या, हे संशोधकांनी तपासले. निघालेली यादी आश्चर्यकारक वाटावी इतकी साधी आहे. आईचा खुबा मोडला असेल तर धोका जवळजवळ दुप्पट. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठता येत नसेल तरी दुप्पट. पन्नाशीनंतर एखादे हाड मोडलेले असणे, थायरॉईडचा अतिरेक होऊन गेलेला असणे, झोपेच्या व अपस्माराच्या काही गोळ्या, दिवसातून चार तासही पायांवर उभे न राहणे, पायऱ्यांच्या कडा नीट न दिसणे, विश्रांतीतही नाडी ऐंशीच्या वर असणे, आणि ‘माझी प्रकृती बरी नाही’ असे स्त्रीने स्वतःच सांगणे. हे सारे धोक्याचे घटक ठरले. उलट, पायी फिरण्याचा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांना धोका कमी दिसला.

या पाहणीचे खरे महत्त्व बेरजेत आहे. ज्या स्त्रियांत असे दोन किंवा त्याहून कमी घटक होते आणि हाडांची घनता वयाच्या मानाने ठीक होती, त्यांच्यात हजारी वर्षाला जेमतेम एक खुबा मोडला. ज्यांच्यात पाच किंवा अधिक घटक होते आणि घनताही सर्वांत खालच्या तिसऱ्या हिश्शात होती, त्यांच्यात हजारी २७. एकाच वयोगटातल्या बायका, आणि अंतर एवढे. यावरून दोन गोष्टी उघड होतात. एकटादुकटा घटक माणसाला पाडत नाही. घटक एकमेकांचे हात धरून येतात. आणि त्यांतील बहुतेक घटक कळण्यासाठी यंत्र लागत नाही, प्रश्न लागतात. ही पाहणी परदेशी स्त्रियांची आहे, तिचे आकडे आपल्यावर जसेच्या तसे बसवता येणार नाहीत. परंतु प्रश्न विचारण्याची तिची रीत आपण अवश्य घ्यावी.

आपल्या घरांसाठी ते प्रश्न कोणते, ते आता सांगतो.

पहिला प्रश्न पाळीचा. पाश्चात्त्य स्त्रीची पाळी सरासरीने एक्कावन्नाच्या सुमारास थांबते. आपल्याकडे ती सेहेचाळीस-सत्तेचाळिसाच्या आसपास. म्हणजे हाडांची उतरण आपल्याकडे चार-पाच वर्षे आधी सुरू होते. पंचेचाळिशीपूर्वी पाळी गेली असेल, विशेषतः शस्त्रक्रियेने बीजकोश काढले असतील, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. ‘पिशवी काढली’ एवढेच स्त्रीला माहीत असते. बीजकोश ठेवले की काढले हे तिला कोणी सांगितलेले नसते. जुना कागद शोधून ते पाहावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या हजारो स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळापर्यंत गेला. त्यांतील अनेक जणी ऐन तारुण्यातल्या. ज्यांचे बीजकोशही गेले असतील, त्यांच्या हाडांचा हिशेब आणखी वीस-पंचवीस वर्षांनी मांडावा लागेल, आणि तेव्हा त्यांच्या कोयत्याला कोणी विचारणार नाही.

दुसरा प्रश्न आहाराचा आणि वजनाचा. येथे परदेशी दाखले शोधण्याची गरज नाही. आपल्याच शहरात, तारनाक्याला असलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉ. वीणा शत्रुघ्न व सहकाऱ्यांनी अल्प उत्पन्न गटातील, तीस ते साठ वयाच्या २८९ स्त्रियांचा अभ्यास करून तो २००५ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या आहारात दिवसाला सरासरी २७० मिलिग्रॅम कॅल्शियम होते. आणि खुब्याच्या सांध्यालगतच्या, मांडीच्या हाडाच्या मानेशी २९ टक्के स्त्रियांना ऑस्टिओपोरोसिस आढळला. ध्यानात घ्यावे, या आज्या नव्हत्या. तीस ते साठ वयाच्या, राबत्या बायका होत्या. आपल्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या, स्वयंपाकाला येणाऱ्या बायका याच गटातल्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी १,००० आणि पाळी गेलेल्या स्त्रीसाठी १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. सर्वांना वाढून उरलेले आपण खायचे, दूध मुलांना आणि ताक आपल्याला, या रीतीत तो आकडा गाठला जात नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ त्याहूनही समृद्ध. नाचणीची भाकरी आपल्या आज्यांनी खाल्ली आणि आपण गरिबांचे धान्य म्हणून ती सोडली. कृश बांधा हाही धोक्याचा घटक आहे, हे येथेच सांगून ठेवतो. उपवासांनी खंगलेल्या देहाचे आपण कौतुक करतो. हाडे करीत नाहीत.

तिसरा प्रश्न उन्हाचा. हैदराबादेस उन्हाची वाण नाही, तरी ड-जीवनसत्त्वाची उणीव आपल्या देशात सर्वत्र आढळते. सदनिकेत राहणारी, सकाळी स्वयंपाकघरात आणि दुपारी पडदे ओढून घरात असणारी स्त्री सूर्याला भेटतच नाही. कॅल्शियम खाल्ले तरी ते अंगी लागण्यास हे जीवनसत्त्व हवे.

चौथा प्रश्न औषधांचा. स्टेरॉईडच्या गोळ्या तीन महिने किंवा अधिक काळ घेतल्यास हाडे झिजतात. दमा, संधिवात यांच्या रुग्णांनी गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये, कारण तसे करणे घातक असते. डॉक्टरांना विचारून हाडांच्या रक्षणाची तजवीज करावी. याहून धोकादायक आहेत त्या गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या. ‘दोन दिवसांत उतार पडतो’ अशी ज्यांची ख्याती असते, त्यांत अनेकदा स्टेरॉईडच मिसळलेले असते. थायरॉईडच्या गोळीचे प्रमाण वर्षानुवर्षे न तपासता चालू ठेवणे, झोपेच्या गोळीची सवय, फिट्सवरची औषधे. यांचीही नोंद करावी. सांध्यांचा आमवात आणि मधुमेह हे विकारही या यादीत आहेत. मधुमेही स्त्रीची घनता यंत्रावर चांगली दिसूनही तिची हाडे अधिक मोडतात, म्हणून तिने आकड्यावर विसंबू नये. आणि तंबाखू: धूम्रपान हा मान्य झालेला घटक आहेच, आमच्या भगिनी विडी ओढीत नाहीत हे खरे, पण मिश्री ही देखील तंबाखूच आहे, तेव्हा तिला निरुपद्रवी समजू नये.

पाचवा प्रश्न उंचीचा. तारुण्यातील उंचीपेक्षा चार सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दीड इंच, उंची कमी झाली असेल तर मणके दबल्याचा संशय घ्यावा. तारुण्यातली उंची ठाऊक नसते, हे खरे. पण फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा पूर्वी हाताला येत होता आणि आता येत नाही; नेहमीच्या पद्धतीने नेसलेली साडी जमिनीवर लोळू लागली; ब्लाऊज पाठीवर वर चढू लागले; ही मोजपट्टी प्रत्येकीजवळ आहे. भिंतीला टाचा व पाठ लावून उभे राहावे. डोक्याचा मागचा भाग सहजपणे भिंतीस टेकत नसेल तर पाठीचा एक्स-रे काढून घेणे योग्य.

सहावा प्रश्न पडण्याचा. हाड ठिसूळ असले तरी बहुधा ते पडल्यावाचून मोडत नाही. म्हणून गेल्या वर्षभरात आपण कितीदा पडलो, हे प्रामाणिकपणे मोजावे. ‘पडले नाही हो, जरा तोल गेला,’ असे सांगण्याची आपल्या बायकांना सवय आहे. पडल्याचे कळले तर मुले एकटीला राहू देणार नाहीत, ही भीती त्यामागे असते. ती भीती खरी आहे, आणि मुलांनीही ती समजून घ्यावी; पण लपवलेले पडणे दुसऱ्या पडण्याला आमंत्रण देते. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसू नये. न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री वाटेत एक मंद दिवा, गुळगुळीत फरशीवरचे सुटे पायपुसणे काढून टाकणे, झिजलेल्या सपाता फेकून देणे; एवढ्या गोष्टी शंभर-दोनशे ते हजार-दोन हजार रुपयांत होतात. आणि दररोज खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून पाहावे. ती परीक्षा आहे आणि व्यायामही आहे. हात टेकावा लागत असेल तर मांड्यांचे बळ गेले, असे समजावे. सुदैवाने ते बळ सत्तरीतही पुन्हा कमावता येते.

या सर्व उत्तरांची बेरीज करण्याचे गणितही आता तयार आहे. शेफील्ड विद्यापीठातील डॉ. जॉन केनिस व सहकाऱ्यांनी २००८ साली ‘फ्रॅक्स’ नावाची पद्धत उपलब्ध करून दिली. वय, वजन, उंची, पूर्वीची मोड, आईवडिलांचा खुबा, स्टेरॉईड, तंबाखू, मद्य, आमवात इत्यादी माहिती भरली की पुढील दहा वर्षांत हाड मोडण्याचा संभव टक्केवारीत मिळतो. घनतेचा आकडा नसला तरीही. भारतासाठी तिचे वेगळे कोष्टक आहे. गणित डॉक्टर करतील. पण त्यात भरावयाची उत्तरे तुमच्याजवळच आहेत. धोका मोठा ठरला तर झीज रोखणारी परिणामकारक औषधे आज उपलब्ध आहेत. ती योग्य वेळी सुरू व्हावीत, एवढाच प्रश्न आहे. आणि ती वेळ खुबा मोडण्यापूर्वीची आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही गोष्ट नव्हे.

शेवटी एक विनंती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो: वाट्या, डबे, प्लास्टिकच्या टोपल्या. येत्या संक्रांतीस महिला शाखेने तिळाच्या वडीबरोबर एक कागद द्यावा, आणि त्यावर हे सहा प्रश्न छापावेत. प्रत्येक सुनेने तो आपल्या सासूपुढे आणि आईपुढे धरावा, उत्तरे लिहून घ्यावीत, आणि ‘तुमची आई कशी गेली?’ हा प्रश्न न संकोचता विचारावा. त्या उत्तरात त्या आजीची कथा असेल, सासूचे भवितव्य असेल. आणि मुलीच्या हातात तो कागद असेल तेव्हा तिचे स्वतःचेही.

आमच्या त्या वहिनी आज काठी घेऊन चालतात. त्या गेल्या वर्षी आम्हांस म्हणाल्या, ‘मनगट मोडले तेव्हाच कोणी विचारले असते तर!’ त्यांच्या शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. या सभागृहातील कोणाही भगिनीवर तसे म्हणण्याची पाळी येऊ नये, ही इच्छा.